शिवणीतली माया

‘अहो, हा झगा आधीच्या मालिकेत पाहिलाय की!’ ब्रिटिश ऐतिहासिक मालिकांचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी चोर पकडल्याच्या आनंदात हे म्हणतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कपडे कोरे असले की मालिका भारी, ही समजूत त्यामागे आहे. ती पक्की केली ‘ब्रिजर्टन’ने. २०२० साली पहिला सीझन आला तेव्हा कथेइतकीच आकड्यांची चर्चा झाली: लहानमोठ्या साडेसात हजार जिनसा, एकट्या नायिकेचे, डॅफ्नीचे, १०४ पोशाख. पोशाख देखणे आहेतच. पण ते अंगावर घालून कुणी कधी घामाघूम झालंय, पावसात भिजलंय, तेच धुवून पुन्हा घातलेत, असं आठही भागांत मला एकदाही वाटलं नाही. ‘द क्राउन’ची कारागिरी अफाट, पण ती जुन्या छायाचित्रांशी बरोबरी करण्यात खर्ची पडते. ‘आउटलँडर’मधली लोकर छान, बाकी सोडून देऊ.

मला बोलायचंय ते ‘क्रॅनफर्ड’बद्दल. २००७ ची बीबीसीची मालिका, वेशभूषा जेनी बेव्हन यांची. काळ १८४२ चा, गाव लहान, आणि बायका अशा की हातात पैसा नाही पण तसं तोंडाने कबूल करायचं नाही. ज्युडी डेंच यांची मिस मॅटी मोजक्याच कपड्यांत वावरते. पुढे बँक बुडते, तिचे पैसे जातात, तेव्हा हे घर काटकसरीवर चालत आलंय हे आपल्याला नव्याने सांगावं लागत नाही. ते आपण तिच्या अंगावर आधीच पाहिलेलं असतं.

याच बेव्हन आणि जॉन ब्राइट यांना ‘अ रूम विथ अ व्ह्यू’साठी मिळून ऑस्कर मिळालं. ब्राइट यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली ‘कॉस्प्रॉप’ ही भाड्याने पोशाख देणारी पेढी. अशा पेढीतला झगा बाहेरून नव्हे, उलटा करून पाहावा. बगलेखालच्या शिवणीत चांगली बोटभर माया सोडलेली असते. एका नटीसाठी ती उसवून सैल केली, दुसरीसाठी पुन्हा आत घेतली. जुन्या टाक्यांची भोकं रेशमावर ओळीने तशीच राहतात. बाही बदललेली, गळ्याला नवी लेस, आत नटीच्या नावाची पट्टी. आपल्या नाटकमंडळींच्या कपडेपटात ज्यांनी हात घातलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि त्या काळी घराघरांत कपडा असाच तर जगायचा! कापड महाग, शिलाई स्वस्त. झगा उसवायचा, उलटून शिवायचा, रंगवायचा, धाकटीला द्यायचा. मालकिणीचा उतरलेला कपडा मोलकरणीकडे जायचा. जेन ऑस्टिनच्या पत्रांत कपडे बदलून-सुधारून घेण्याच्या गोष्टी जागोजागी आहेत. तिच्या कादंबरीतली लिडिया तर फारशी न आवडलेली टोपी विकत घेते, ती घरी उसवून नवी करता येईल म्हणून. मग इतिहासाशी खोटं कोण बोलतं? तीन मालिकांतून फिरून आलेला झगा घालणारी नटी, की दर प्रसंगाला कोरं रेशीम नेसवणारा निर्माता?

छातीखाली कंबर असलेला १८१० चा झगा १८३० च्या प्रसंगात तसाच घातला तर तो आळस आहे, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण हातात सुई न घेणाऱ्याचं पाप जुन्या कपड्याच्या माथी का मारायचं?

बीबीसीने २००८ मध्ये आपला कपड्यांचा साठा ‘एंजल्स’ या पेढीला विकला. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेने आपला कपडेपट असा हातचा घालवावा, हे मला आजही सलतं. पण निदान तो भाड्याने देणाऱ्यांच्याच घरी गेला. तिथे कपडा कामावर राहतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये अ‍ॅलेक गिनेस यांनी ओबी-वान म्हणून घातलेला झगा याच पेढीतून वर्षानुवर्षं भाड्याने जात होता. ‘द ममी’त तो एका किरकोळ पात्राच्या अंगावर आहे. पुढे तो ओळखू आला आणि २००७ साली लिलावात ५४ हजार पौंडांना गेला. अखेर त्याची किंमत कळली, असं म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला ती ऐकवत नाही. तोवर तो झगा एका नटाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात होता. आता त्याची शिवण कुणासाठीही उसवली जाणार नाही.