आपल्याच मनाशी सौम्यता

संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा फ्रेंच ग्रंथ प्रथम १६०९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या भागातील नववे प्रकरण आम्हांस विशेष मोलाचे वाटते. स्वतःशी सौम्यपणे कसे वागावे, हा त्याचा विषय. रागावलो म्हणून पुन्हा स्वतःवर रागावणाऱ्यांना संत बजावतात, की या संतापाच्या मुळाशी अहंकार आहे; आपले अपुरेपण त्याला सोसवत नाही. ज्याला आपण नम्रता समजतो, त्याचे हे निदान मार्मिक आहे. येथे पापाला सूट नाही. पश्चात्ताप हवाच; परंतु तो शांत आणि दृढ हवा. पित्याच्या मायेच्या बोलाने मूल सुधारते, तसेच पडलेल्या मनालाही समजावून उठवावे.

एक प्रश्न मात्र उरतो. ज्याच्या वाट्याला लहानपणी सौम्य शब्दच आला नाही, त्याने तो स्वतःसाठी कोठून आणावा? प्रकरण याविषयी मौन आहे. ते उत्तर आईबापांनी घरी आणि आम्ही धर्मगुरूंनी पापनिवेदनाच्या वेळी द्यावयाचे आहे. प्रवचनांतून आम्हीही कितीदा नुसतेच दटावले. हे प्रकरण वाचताना ते शब्द परत घ्यावेसे वाटतात.