५८/७० हा आकडा येतो कुठून?

लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाकडून हे होतंच. वाय-फायवर काहीतरी मोजायचं असतं, म्हणून टर्मिनल उघडून आयडब्ल्यूकॉन्फिग टाइप करायचं, आणि ‘लिंक क्वालिटी ५८/७०’ असं दिसलं की खुशीत ती ओळ दर सेकंदाला फाइलमध्ये ओतत बसायचं. मीही तेच केलं, चौदा दिवस. हॉस्टेलच्या खोलीतून, पॅसेजमधून, जिन्याखालून. मग सिग्नल लेव्हल आणि लिंक क्वालिटी यांचा आलेख काढला. कोरिलेशन बरोब्बर १. मला वाटलं, काहीतरी सापडलं! गाइडनी आलेख बघून एवढंच विचारलं, “हे दोन आकडे वेगवेगळे मोजलेत, हे तुला कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. आज लिनक्समधले बहुतेक वाय-फाय ड्रायव्हर कर्नलच्या नव्या चौकटीत बसतात, आणि जुन्या आयडब्ल्यूकॉन्फिगची सोय म्हणून तिथे एक छोटा जुळवणीचा कोड ठेवलेला आहे. तो कोड डीबीएममधला सिग्नल घेतो. −११० च्या खाली असेल तर −११० धरतो, −४० च्या वर असेल तर −४० धरतो, आणि त्यात ११० मिळवतो. झाली लिंक क्वालिटी! −५२ अधिक ११०, म्हणजे ५८. राउटरला लॅपटॉप चिकटवून −२५ आला काय किंवा जरा लांबून −४० आला काय, दोन्हीकडे ७०/७०. म्हणजे माझा दुसरा कॉलम हा पहिलाच कॉलम होता, फक्त वरून आणि खालून कापलेला.

माझा आक्षेप या आज्ञेवर कमी आणि ‘क्वालिटी’ या शब्दावर जास्त आहे. वायरलेस एक्स्टेन्शन्स नव्वदच्या दशकात आली, तेव्हा क्वालिटी म्हणजे काय हे ठरवणं ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर सोडलेलं होतं. इंटेलच्या जुन्या आयपीडब्ल्यू२२०० ड्रायव्हरने ते काम मनापासून केलं होतं. चुकलेले बीकन, वेग, पाठवताना आणि घेताना झालेल्या चुका, सिग्नल, या पाचांतला सगळ्यात वाईट आकडा तो १०० पैकी दाखवायचा. तुम्हाला ती व्याख्या पटो न पटो, पण ती निदान व्याख्या तरी होती. त्यामुळे जुन्या पेपरातली ‘लिंक क्वालिटी’ आणि तुमच्या लॅपटॉपवरची यांची तुलना करायला जाऊ नका. नाव एक, वस्तू दोन.

“मग सरळ सिग्नलच वापरू की,” असं तुम्ही म्हणाल. इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या रूफनेट या ३८ नोडच्या जाळ्यावरचा २००४ चा पेपर वाचा. तिथे बऱ्याच लिंक पूर्ण चांगल्या नव्हत्या आणि पूर्ण वाईटही नव्हत्या, मधल्याच कुठेतरी होत्या; आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तरावरून किती पॅकेट पोचतील याचा नीट अंदाज येत नव्हता. लेखकांचा संशय मल्टिपाथवर होता. याउलट २००६ मध्ये श्रीनिवासन आणि लेव्हिस यांनी सेन्सर नोडच्या सीसी२४२० रेडिओवर दाखवलं की आरएसएसआय उगाच बदनाम आहे, एका उंबरठ्याच्या वर तो चांगला भरवशाचा आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. रेडिओ वेगळा, अंतरं वेगळी, भिंती वेगळ्या. तुमच्या प्रस्तावात यांपैकी एकाचाच संदर्भ असेल, तर परीक्षक दुसरा काढणारच!

मी आता ‘आयडब्ल्यू’ची स्टेशन डंप ही आज्ञा वापरतो. तिच्यात पाठवलेली पॅकेटं, रीट्राय, फेल झालेली पॅकेटं, दोन्ही दिशांचे बिटरेट असं सगळं मिळतं. सिग्नल राउटरकडून येणाऱ्या फ्रेमचा असतो आणि रीट्राय तुम्ही पाठवलेल्या फ्रेमचे, त्यामुळे दोन दिशा वेगळ्या दिसतात. पण तिचीही आरती ओवाळू नका. हे काउंटर साठत जाणारे आहेत, आणि लॅपटॉप राउटरशी पुन्हा जोडला गेला की शून्यावर येतात. माझ्या लॉगमध्ये म्हणूनच एका मिनिटात उणे चार हजार रीट्राय झालेले आहेत. काही चिपमध्ये रीट्राय फर्मवेअरच्या आतच उरकतात, तेव्हा ती ओळ येत नाही किंवा तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि आमचं आउटपुट स्थिर नाही, ते खरवडून वापरू नका, असं ही आज्ञा स्वतःच्या मदत-पानावर ठणकावून सांगते. आम्ही सगळे तेच करतो. म्हणून निदान कर्नल, ड्रायव्हर आणि आयडब्ल्यूची आवृत्ती तरी लॉगच्या पहिल्या ओळीत लिहा.

पिंगबद्दल थोडक्यात. पॅकेट लॉस ०% म्हणजे लिंक उत्तम, असं नसतं. खालचा थर हरवलेली फ्रेम गुपचूप पुन्हा पाठवतो, पिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि राउटरच्या बाजूने पिंग करत असाल तर पॉवर सेव्ह बंद केलंय का ते आधी बघा. झोपलेला लॅपटॉप पुढच्या बीकनला जागा होतो, बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो, आणि तेवढा उशीर तुम्ही बिचाऱ्या भिंतीच्या नावावर मांडता.

त्या चौदा दिवसांच्या फाइलमधला क्वालिटीचा कॉलम मी काढून टाकला. सिग्नलचा ठेवलाय. रीट्राय तेव्हा नोंदवलेच नव्हते, त्यामुळे जिन्याखालचं मोजमाप पुन्हा करावं लागणार आहे.