नर्तकीच्या पाठीमागची भिंत

दसऱ्यात म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यासमोर जो मंच उभा राहतो, त्यावर हल्ली नर्तकीच्या आधी डोळ्यांत भरते ती तिच्या पाठीमागची एलईडीची भिंत. अशा भिंतींचा खाक्या ठरलेला असतो. पदात यमुना आली की मागे पाणी वाहू लागतं, चंद्र आला की चंद्र उगवतो, आणि नर्तकीच्या ओंजळीतलं कमळ मागे दहा फुटांचं होऊन उमलतं. टाळ्या त्या कमळाला पडतात. पुण्या-मुंबईच्या महोत्सवांतही हेच चाललं आहे. म्हैसुरात ते अधिक खुपतं, कारण रिकाम्या जागेत नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी जग उभं करण्याची विद्या या गावाइतक्या निष्ठेने फार थोड्या ठिकाणी जोपासली गेली.

जट्टी तायम्मा (१८५७–१९४७) आणि त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्ष्मम्मा (१९०६–२००२) ही त्या विद्येची दोन मोठी नावं. दोघी वाडियार दरबारच्या. अमरुशतकातला एखादा श्लोक किंवा एखादी जावळी, म्हणजे शृंगारगीत, घ्यायची, ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि दर खेपेला तिचा नवा अर्थ डोळ्यांतून काढायचा, ही या परंपरेची रीत. नायिका एकदा रुसते, एकदा टोमणा मारते, एकदा स्वतःशीच हरते. शब्द तेच राहतात. किती खेपा घ्यायच्या हे आधी ठरलेलं नसतं. गाणारा नर्तकीच्या चेहऱ्याकडे बघत ओळ धरून ठेवतो आणि तिचा इशारा मिळाला की पुढे सरकतो. मराठी वाचकाला हे घर परकं नाही. तंजावरच्या मराठा राजे सरफोजींच्या दरबाराशी जोडलेल्या चार विख्यात नृत्यगुरू बंधूंपैकी चिन्नय्या पुढे म्हैसूरला, मुम्मडी कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाला आले.

आता पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या त्या ओळीमागे चार मिनिटांची तयार चित्रफीत लावा. फितीला नर्तकीचा चेहरा दिसत नाही. चौथं मिनिट संपलं की चंद्र मावळणार, मग नायिकेचा रुसवा निघालेला असो वा नसो. म्हणून गाणंही आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवावं लागतं, मृदंग घरी राहतो, नाचाला ताल देणाऱ्या नट्टुवनाराचे टाळ गप्प होतात. भिंत एकटी येत नाही. ती मंचावरच्या सगळ्या जिवंत माणसांची लय काढून घेते.

यंत्र आणि नृत्य यांची गाठ तशी जुनी. नर्तकी लोई फुलरने १८९२ साली पॅरिसमध्ये विजेच्या रंगीत झोतांत रेशमाचे घोळ फिरवले, तेव्हापासून ती आहे. आपल्याकडे सत्तरीला टेकलेल्या उदय शंकरांनी १९७० साली कलकत्त्यात ‘शंकरस्कोप’ केला. त्यात पडद्यावरचं पात्र पडद्यातून निघून सदेह मंचावर उतरायचं आणि परत चित्रात शिरायचं. सारी जादू त्या उतरण्याच्या क्षणात होती, म्हणजे देहातच होती. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमने १९९९ साली, ऐंशीव्या वर्षी, ‘बायपेड’ केलं. पॉल कायझर आणि शेली एशकर यांनी मोशन कॅप्चरने नर्तकांच्या हालचाली टिपल्या आणि त्यांतून निघालेल्या रेखाकृती पारदर्शक पडद्यावर, खऱ्या नर्तकांच्या पुढे तरंगत ठेवल्या. त्या आकृत्या नर्तकाच्या अंगातूनच आल्या होत्या, म्हणून त्या उपऱ्या वाटत नाहीत.

पण या क्षेत्रातलं खरं पाऊल त्याच्याही पुढचं आहे, आणि त्याच्याविषयी मराठीत फार कमी लिहिलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या ‘चंकी मूव्ह’ या संस्थेचं ‘ग्लो’ (२००६) पाहावं. जेमतेम अर्ध्या तासाचं एकल नृत्य. नर्तकी बहुतेक वेळ जमिनीवर, प्रेक्षक वरून पाहणारे. मंचाच्या वर लावलेला इन्फ्रारेड कॅमेरा तिच्या देहाची कड क्षणाक्षणाला वाचतो, फ्रीडर वाइस यांची संगणक प्रणाली तिथल्या तिथे त्या कडेभोवती प्रकाश आखते आणि प्रोजेक्टर तो तिच्यावर टाकतो. आधी तयार केलेली फीत नाही. तिने हात लांबवला की प्रकाश लांबतो. ती थांबली की प्रकाश तिची वाट पाहतो. संगणकाला इथे साथीदाराची जागा मिळाली आहे, म्हैसूरच्या गायकाची.

याच जातीचं काम म्हैसूरपासून तीन तासांवर झालं आहे. बेंगळुरूच्या ‘अट्टक्कलरी’ या नृत्यसंस्थेचे जयचंद्रन पालाळी यांनी जर्मन कलावंत क्रिस झीगलर यांच्यासोबत ‘क्रोनोटोपिया’ उभं केलं. आधार ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याचा. त्यातल्या कण्णगीने जाळलेली मदुराई कुणी ज्वाळांच्या चित्रांनी सहज पेटवली असती. इथे मंचावर टांगलेल्या प्रकाशनळ्यांचं जाळं होतं, आणि नर्तक त्या प्रकाशाच्या रानातून वाट काढत. गोष्ट सांगायचं काम देहाकडेच राहिलं. भरतनाट्यम आणि कळरीपयट्टू यांच्या हालचाली नोंदवून ठेवणारा ‘नागरिका’ हा उपक्रमही याच संस्थेचा. असं काम शेजारी झालेलं असताना दसऱ्याच्या मंचावर कमळाच्या फिती चालवल्या जातात, याला सबब नाही.

बाकीच्यांविषयी फार लिहायला नको. ‘मुघल-ए-आझम’ (२०१६) आणि ‘सिव्हिलायझेशन टू नेशन’ (२०२३) ही मुंबईची संगीतनाट्यं डोळे दिपवतात. त्यांतलं नृत्य मात्र सजावटीचा भाग होऊन राहतं. म्हैसूरच्या बन्निमंटप मैदानावर २०२४ च्या दसऱ्यात १५०० ड्रोन आकाशात उडाले. ती रोषणाई आहे, तिला नृत्य म्हणू नये.

आयोजक म्हणतील, हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेला नर्तकीची बुबुळं कशी दिसणार? प्रश्न रास्त आहे. मग पडदे मंचाच्या दोन बाजूंना लावा आणि त्यांवर तिलाच दाखवा. तेही नीट दाखवा. कॅमेरेवाला नुसता चेहरा जवळ घेतो तेव्हा हात चौकटीबाहेर जातो. हात जाईल तिकडे नजर जावी, हे नर्तकीला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं; अशा चौकटीत प्रेक्षकाला नजर दिसते, पण ती कशावर खिळली आहे ते कळत नाही. त्यासाठी कंबरेपासून वरची चौकट हवी आणि पद माहीत असलेला माणूस कॅमेऱ्यामागे हवा. भिंतीच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि डिजिटल साधनांचं सगळ्यात निकडीचं काम तर मंचाबाहेर आहे. सरफोजीराजांची ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही मराठी रचना तंजावरच्या सरस्वती महालात कागदावर टिकली. ती पुन्हा नाचवायची म्हटल्यावर आचार्य पार्वतीकुमारांना शब्दांवरून आणि बोलांवरून नृत्य नव्याने बांधावं लागलं, कारण त्या काळचा एकही देह कुणी नोंदवून ठेवला नव्हता. सरफोजींच्या काळी तसं साधनच नव्हतं. आज आहे. ‘अर्थशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाची ताडपत्रं ज्या गावाने जगासमोर आणली, त्या म्हैसूरला जतन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ज्या म्हैसूर विद्यापीठात वेंकटलक्ष्मम्मांनी नृत्य शिकवलं, त्याने आणि दसरा समितीने मिळून हे काम हाती घ्यावं: एकेका जावळीच्या सगळ्या खेपा, तीन बाजूंच्या कॅमेऱ्यांनी, डोळे आणि हात दोन्ही चौकटीत ठेवून, गायकासह.

वेंकटलक्ष्मम्मांकडे प्रत्यक्ष शिकलेल्या शिष्या आता ज्येष्ठ झाल्या आहेत. चित्रण करायचं तर ते याच वर्षी सुरू व्हायला हवं.