ऋण, कान आणि गुरू : ‘ड्रीम हाय’ या कोरियन मालिकेतील कलावंताची घडण

कलावंताच्या घडणीची कथा सांगणाऱ्या संहितांमध्ये त्या घडणीचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नायकाची आंतरिक वाढ, त्याचा समाजाशी संघर्ष, अखेरचा समन्वय किंवा पराभव या अंगांनी अशा संहितांचा विचार झाला. जमाखर्चाचे अंग मात्र पार्श्वभूमी म्हणून बाजूला ठेवले गेले. वस्तुतः या कथाप्रकाराच्या उगमापाशीच हिशेबाची वही आहे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’मधील (1795–96) नायक व्यापाऱ्याचा मुलगा असून, वडिलांच्या पेढीच्या जगाकडे पाठ फिरवून तो रंगभूमीकडे वळतो. 2011 मध्ये प्रसारित झालेल्या ‘ड्रीम हाय’ या कोरियन दूरचित्रवाणी मालिकेत ही दिशा नेमकी उलटी झालेली दिसते. येथील नायिका हिशेबापासून पळून कलेकडे येत नाही. हिशेबच तिला रंगमंचावर ढकलतो. ही उलथापालथ संहिता कशी हाताळते आणि हाताळताना काय लपवते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मालिकेचे सोळा भाग जानेवारी-फेब्रुवारी 2011 मध्ये केबीएस या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या दुसऱ्या वाहिनीवरून दाखवले गेले. लेखन पार्क ह्ये-र्यून यांचे. निर्मितीमागे दोन व्यवस्थापनसंस्था होत्या : अभिनेते बे योंग-जुन यांच्याशी निगडित कीईस्ट आणि गायक-संगीतकार पार्क जिन-यंग यांची जेवायपी. पैकी दुसरी संस्था किशोरवयीन मुलामुलींना वर्षानुवर्षे शिकवून ‘आयडॉल’ म्हणजे लोकप्रिय गायक-नर्तक घडवण्याच्या व्यवसायातील अग्रगण्य संस्था होय. याचा अर्थ, प्रशिक्षणव्यवस्थेविषयीची ही कथा त्या व्यवस्थेच्या चालकांनीच सांगितलेली आहे. कारखान्याच्या मालकाने कारखान्यावर नाटक लिहून घ्यावे, तसा हा प्रकार. केवळ एवढ्यावरून संहितेला प्रचारकी ठरवणे मात्र घाईचे होईल, कारण सांगणाऱ्याला जे सांगायचे नाही तेही कथेत शिरत असते.

को ह्ये-मी ही अभिजात पाश्चात्त्य गायकीत वाढलेली मुलगी. अमेरिकेतील ज्युलियार्ड या संगीतविद्यालयात जाण्याचे तिचे स्वप्न वडिलांच्या कर्जामुळे मोडते आणि सावकार दारात उभा राहतो. सावकाराच्या दृष्टीने तिचा आवाज हे तारण आहे. पॉप संगीताला तुच्छ मानणाऱ्या या मुलीला अखेर किरिन या कला-माध्यमिक शाळेची पायरी चढावी लागते. प्रवेशचाचणीच्या प्रसंगी ती आपली जिवलग मैत्रीण युन बेक-ही हिला सर्वांदेखत तिसऱ्या दर्जाची ठरवते. निवड होते ती बेक-हीची, ह्ये-मी नाकारली जाते. पुढे शाळेचे प्रमुख जोंग हा-म्योंग तिला प्रवेश देतात, पण दोन मुलांना सोबत आणण्याच्या अटीवर. त्यांतला एक म्हणजे खेड्यातला सोंग साम-दोंग.

येथे एक बारीक, पण निर्णायक स्थानांतर घडते. कोरियन पॉपच्या प्रत्यक्ष व्यवहारात ऋणाचा उगम घरात नसून प्रशिक्षणात असतो. शिकवणी, निवास, ध्वनिमुद्रण, पोशाख यांवर संस्था खर्च करते आणि पदार्पणानंतरच्या कमाईतून तो वळता करून घेते. त्यासाठी दीर्घ मुदतीचे करार होतात. 2009 च्या जुलैमध्ये डोंग बांग शिन की या गटातील तिघा गायकांनी आपल्या संस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा तेरा वर्षांच्या कराराचा मुद्दा चव्हाट्यावर आला. त्याच वर्षी कोरियाच्या फेअर ट्रेड आयोगाने सात वर्षांची मर्यादा सुचवणारा नमुना-करार प्रसृत केला. ‘ड्रीम हाय’ त्यानंतर दोन वर्षांच्या आत पडद्यावर आली. कर्ज तिच्यात आहेच, किंबहुना तिची सुरुवातच कर्जाने होते. परंतु ते नादार पित्याच्या आणि रांगड्या सावकाराच्या नावे लिहिलेले आहे. परिणामी शाळा ऋण निर्माण करणारी राहत नाही, ऋणातून सोडवणारी ठरते. शिवाय व्यवस्थापनसंस्थेच्या जागी शाळा बसवल्याने करार हा शब्दच मागे सरतो. मालक आणि कामगार यांच्याऐवजी गुरू आणि शिष्य उभे राहतात.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी संगीत नाटकमंडळ्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोवळ्या वयातील मुले मंडळीत दाखल होत, तेथेच राहत, जेवत, गाणे शिकत आणि रात्री उभी राहत. शिक्षण, पोटापाण्याची सोय आणि प्रयोग एका छपराखाली चालत. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1913 मध्ये सहकाऱ्यांसह स्वतःची मंडळी काढून मालकांपैकी एक झाले. तेथेही ऋण आहे, अगदी दंतकथेएवढे आहे. पण ते कलेच्या पोटातून जन्मलेले ऋण आहे : भरजरी वस्त्रे, अत्तरे, रंगमंचाचा थाट यांपायी झालेले, आणि मराठी रसिकमनाने वैभवाची खूण म्हणून जपलेले. बालगंधर्वांच्या चरित्रकथेत कर्ज लपवले जात नाही, मिरवले जाते. मिरवणे हाही सत्य झाकण्याचाच एक मार्ग असतो, हे खरे. त्या थाटाची किंमत मंडळीतील सामान्य नटांनी किती मोजली, याची चर्चा मराठीत तुरळकच झाली. दोन्ही परंपरा कलेच्या ऋणाविषयी सरळ बोलत नाहीत, मात्र त्यांच्या न बोलण्याच्या तऱ्हा भिन्न आहेत.

साम-दोंगचा कान हे मालिकेचे सर्वांत अर्थगर्भ स्थान होय. ह्ये-मीच्या रोखाने लोटलेल्या कुंडीपासून तिला वाचवताना तो जखमी होतो आणि त्यानंतर त्याचा श्रवणदोष उघड होतो. आवाजाची उपजत जाण असलेल्या मुलाचे ऐकणेच दगा देऊ लागते. कलेसाठी इंद्रिय गमावण्याचे हे आशयसूत्र कोरियन परंपरेत नवे नाही. इम क्वोन-तेक यांच्या ‘सोप्योन्जे’ (1993) या चित्रपटात पानसोरी या पारंपरिक कथागायनाचा गायक युबोंग आपल्या मानसकन्येची, सोंगह्वाची, दृष्टी औषधाने घालवतो. तिच्या आवाजात ‘हान’ उतरावा, ही त्यामागची धारणा. हान म्हणजे साचत गेलेले, वाट न मिळालेले दुःख. मराठीतील ‘सल’ हा शब्द त्याच्या जवळ जातो, तरी त्याची सामूहिक बाजू त्यात येत नाही. भारतीय वाचकाला येथे एकलव्याचा अंगठा आठवेल. दोन्ही कथांत इंद्रिय किंवा अवयव हिरावला जातो आणि हिरावणारा गुरू असतो. द्रोणाचार्य कला वाढवण्यासाठी नव्हे, तर खुंटवण्यासाठी अंगठा मागतात, हा फरक मोठा आहे. पण गुरूचा हात दोन्हीकडे दिसतो आणि त्याच्या अपराधाला संहितेत जागा आहे. युबोंग अखेरीस आपल्या कृत्याची कबुलीही देतो.

‘ड्रीम हाय’मध्ये असा गुरूच नाही. साम-दोंगच्या दुखापतीचे निमित्त होते ती बेक-ही, मत्सराने पोळलेली एक सोळासतरा वर्षांची मुलगी. तिच्या मत्सराला खतपाणी घालणारी चढाओढ, श्रेणी, निवड आणि नकार यांची यंत्रणा मालिकेत सतत दिसत राहते. तरी जखमेची जबाबदारी यंत्रणेवर येत नाही. कांग ओ-ह्योकसारखा शिक्षक हळवा, प्रेमळ आणि स्वतःच परिस्थितीने गांजलेला आहे. प्रमुख हा-म्योंग तर देवदूतासारखा येतो आणि जातो. गुरुसत्तेचे कठोर रूप इतके पुसले गेले आहे की शिष्याच्या वेदनेला कर्ताच उरत नाही. अपराधी गुरूची कथा क्रूर असते खरी. पण तिच्यात निदान कोणाकडे बोट दाखवायचे हे शिष्याला ठाऊक असते.

पिल-सुकच्या उपकथानकातही हेच घडते. ही स्थूल, लाजाळू, सुरेल गळ्याची मुलगी. सुशीचा वेष घालून ती चाचणीला येते, पुढे वजन घटवते. आहारावरचे नियंत्रण हा आयडॉल-प्रशिक्षणातील सर्वांत बोलका जाच. येथे मात्र ते नियंत्रण कोणी लादत नाही. जेसन नावाच्या मुलावरील प्रेमापोटी ती ते स्वतःहून पत्करते. आज्ञेचे रूपांतर इच्छेत झाले की तक्रारीला वाव राहत नाही. या भूमिकेतील आयू ही 2008 मध्ये पदार्पण केलेली गायिका, आणि तिला पूर्वी चाचणीत नाकारणाऱ्या संस्थांमध्ये जेवायपीही होती, हे सर्वश्रुत आहे. पात्रयोजनेतील अशा गाठी मालिकेत जागोजागी सापडतात. ह्ये-मी, बेक-ही, जिन-गुक आणि जेसन यांच्या भूमिका प्रत्यक्षातील आयडॉल गायकांकडे आहेत. ज्याला जगज्जेता दाखवले तो साम-दोंग मात्र किम सू-ह्यून या नटाने साकारला. खुद्द पार्क जिन-यंग इंग्रजीचा शिक्षक यांग जिन-मान बनून वावरतात, नाचाची हौस असलेला आणि काहीसा हास्यास्पद. निवडीचा अधिकार ज्याच्या हाती तोच पडद्यावर न निवडला गेलेला म्हणून येतो. विनोद गोड आहे. सत्ता इतक्या गोडीने क्वचितच अदृश्य होते.

वास्तवाने या संहितेला दिलेले एक उत्तर येथे नोंदवणे आवश्यक आहे. आयूने मालिकेत गायलेले ‘समडे’ हे पार्क जिन-यंग यांच्या नावावरील गाणे आपल्या रचनेवरून उचलल्याचा दावा दुसऱ्या एका संगीतकाराने 2011 मध्ये दाखल केला. खालच्या दोन्ही न्यायालयांचे निर्णय पार्क यांच्या विरोधात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. दाव्याच्या गुणावगुणांत शिरण्याचे कारण नाही. आपला सूर शोधा, असा उपदेश करणाऱ्या कथेतील एका सुराची मालकीच न्यायालयात पोहोचली, इतकेच साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

साम-दोंगचे वेगळेपण ज्या गोष्टीत सर्वाधिक उमटते, ती त्याची ग्रामीण बोली होय, आणि भाषांतरात नेमकी तीच हरवते. सोलच्या प्रमाण बोलीत बोलणाऱ्या मुलांमध्ये त्याचे हेल त्याला क्षणात खेडवळ ठरवतात. त्याच हेलांत त्याचा निरागसपणा आणि हट्टही आहे. इंग्रजी उपशीर्षकांत तो इतरांसारखाच बोलतो. वऱ्हाडी किंवा मालवणी पात्राला पुस्तकी मराठीत बोलायला लावल्यावर जे होईल, तेच येथे होते. भारतात कोरियन मालिका बहुधा उपशीर्षकांतून किंवा हिंदी ध्वन्यंकनातून पाहिल्या जातात. मणिपूरमध्ये 2000 सालच्या हिंदी चित्रपटबंदीनंतर त्या घराघरांत पोहोचल्या, आणि उर्वरित देशात त्याहून बऱ्याच उशिरा. या प्रेक्षकवर्गाला मिळालेला साम-दोंग अर्धाच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ह्ये-मी ज्याला पहिला दर्जा म्हणते ती युरोपीय ऑपेरा आहे, पानसोरी नव्हे, हेही प्रेक्षकाच्या ध्यानात सहजी येत नाही. कलेच्या उच्चनीचतेचा वाद येथे दोन आयात गायकींमध्ये चाललेला आहे. देशी गायकी त्या भांडणात पक्षकारही नाही. युबोंगचा वारसा किरिनच्या दारातून आत आलेलाच नाही.

कथनाची चौकट भविष्यकाळाची आहे. मालिकेच्या आरंभीच 2018 मध्ये ‘के’ नावाच्या कोरियन गायकाला ग्रॅमी पुरस्कार मिळाल्याचे दिसते. हा ‘के’ कोण, या कुतूहलावर सोळा भाग ताणले जातात. हातोहात फिरणारे ‘के’ अक्षराचे पदक शेवटी साम-दोंगपाशी राहते आणि तो अमेरिकेला जातो. यश आधीच घडून गेलेले असल्यामुळे मधली प्रत्येक यातना गुंतवणूक ठरते, आणि ज्यांना यश मिळणार नाही त्यांच्या यातनेला कथनात काळच उरत नाही. प्रत्यक्षातील 2018 मध्ये कोणत्याही कोरियन पॉप गायकाला ग्रॅमी मिळाले नाही. बीटीएस या गटाला पहिले नामांकन मिळाले ते 2021 च्या सोहळ्यासाठी. हे वास्तव मालिकेचे खंडन करत नाही. तिच्या भाकितात वर्ष चुकले, दिशा चुकली नाही.

2012 च्या आरंभी आलेल्या ‘ड्रीम हाय 2’मध्ये बहुतेक पात्रे बदलली, आणि किरिन शाळा एका व्यवस्थापनसंस्थेने ताब्यात घेतलेली दाखवली. तिचे कारणही सांगितले गेले : अल्पवयीन कलावंतांच्या रात्रीच्या कामावर कायद्याने बंधन आले, तेव्हा संस्थेला शाळेची गरज पडली. पहिल्या मालिकेने शाळेआड झाकलेली संस्था दुसरीने अशी एका प्रसंगात उघडी केली; कलाकृती म्हणून मात्र ती विस्कळीत राहिली आणि प्रेक्षकांनीही तिला पहिलीसारखे जवळ केले नाही. कथेत कल्पिलेले ते बंधन कोरियात 2014 मध्ये खरोखर लागू झाले : पंधरा वर्षांखालील कलावंतांना आठवड्याला पस्तीस तास, त्यावरील अल्पवयीनांना चाळीस, आणि रात्री दहा ते सकाळी सहा सामान्यतः काम नाही.