अश्वारूढ चित्राची अनुकृती : तैलरंगाच्या अध्ययनाची एक वाट

मराठी कलाविचारात ‘नक्कल’ हा शब्द बहुधा निंदेनेच उच्चारला जातो. गुरूची तान जशीच्या तशी घोटणाऱ्याला आपण शिष्य म्हणतो. थोर चित्र घोटणाऱ्याला मात्र नकलाकार. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. जेऊर परिसरातील एका विद्यार्थ्याने जेरिकोच्या अश्वारूढ व्यक्तिचित्राची तैलरंगात केलेली प्रत एका स्पर्धेत ‘स्वनिर्मिती नाही’ या शेऱ्यासह बाजूला ठेवण्यात आली. शेरा नियमाला धरून होता; कलाशिक्षणाच्या दृष्टीने तो अपुरा वाटतो.

थिओडोर जेरिको (१७९१–१८२४) याने हे चित्र १८१२ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात मांडले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आज ते लूव्र संग्रहालयात आहे; उंची सुमारे साडेतीन मीटर. उधळलेला करडा घोडा प्रेक्षकाकडे पाठ करून तिरका झेपावतो आणि बिबट्याच्या कातड्यावर बसलेला अधिकारी कमरेत वळून मागे पाहतो. चढाईच्या ऐन क्षणी ही मागे वळलेली नजर चित्राला केवळ वीरगाथा होऊ देत नाही. विशेष म्हणजे, रोमँटिक संप्रदायाचा अग्रणी मानला जाणारा हा चित्रकार रुबेन्स आदी पूर्वसूरींची चित्रे लूव्रमध्ये उतरवीतच घडला.

तैलरंगाचे व्याकरण हे थरांचे व्याकरण होय. आरंभी टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा रंग; पुढील थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढत जाते. सावल्या पातळ व पारदर्शक, उजेड जाड. हा क्रम उलटल्यास खालचा थर वाळण्याआधीच वरचा कडक होतो आणि कालांतराने चिरा पडतात. पुस्तकातील वीतभर छापील चित्रात यातले काहीच दिसत नाही. सारे थर एकाच गुळगुळीत पातळीवर आलेले असतात. त्यामुळे प्रत करणाऱ्याला क्रम स्वतःच शोधावा लागतो. शाळेत जलरंगाने कागदाचा पांढरेपणा राखावयास शिकलेल्या मुलाला, घोड्याच्या पुठ्ठ्यावरील उजेड सर्वांत शेवटी घट्ट पांढऱ्या रंगाने चढवावयाचा असतो, हे नुसते सांगून पटत नाही. हात चुकल्यावरच पटते.

महाराष्ट्रात या पद्धतीला मोठा पूर्वाधार आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. अनेक प्रती १८८५ मध्ये लंडन येथील आगीत नष्ट झाल्या. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे : आकृत्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर वार्निश लावले गेले व त्याने मूळाचीच हानी झाली. (आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या घोड्यांमागेही मोहरममधील दुलदुल आणि १९५२ च्या चीनभेटीत पाहिलेले घोडे आहेत, हे येथे आठवावे.)

आपल्या विद्यार्थ्याची अडचण घोड्याच्या मागच्या पायांत होती. त्यांवर भारच येत नव्हता. छापील चित्रात तो भाग काळोखात बुडालेला. दिवाळीनंतर तो अकलूजच्या घोडेबाजारात गेला आणि लगाम खेचताच मागच्या पायांवर बसणारे घोडे पेन्सिलीने टिपून आला. परतल्यावर त्याला उमगले, की जेरिकोचा घोडा शरीररचनेच्या हिशेबाने पुरता खरा नाही. चित्राचा कर्ण साधण्यासाठी त्याची झेप ताणलेली आहे. मी साहित्याचा अध्यापक; एवढे नेमके निरीक्षण मला ग्रंथ चाळून सुचले नसते. ते ज्याला सुचले, त्याला आपण नकलाकार म्हणावे काय?

प्रतीत मागचा डावा पाय तीनदा खरवडून पुन्हा रंगविलेला दिसतो. परीक्षकांनी नेमका तोच भाग दोष म्हणून दाखविला होता.