हळद, सूक्ष्मनलिका आणि एक तक्ता

कोथरूडच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात मुलांनी केलेला एक तक्ता पाहिला. मधोमध हळकुंडाचे सुबक चित्र आणि खाली दोन वाक्ये : 'हळदीने कर्करोगाच्या पेशी मरतात, हे मुंबईच्या आय.आय.टी.ने सिद्ध केले आहे. रोज हळद खा, कर्करोग टाळा.' मुलांची मेहनत खरी होती. पहिल्या वाक्याला थोडा आधार आहे, दुसऱ्याला मात्र नाही.

तो आधार कोणता? पेशी विभागते तेव्हा गुणसूत्रांना दोन टोकांकडे नेणारे धागे सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे रेणू जुळून सूक्ष्मनलिका तयार होतात आणि सुटे झाले की त्या मोडतात. पवईच्या आय.आय.टी.तील डॉ. दुलाल पांडा यांच्या गटाने २००६ साली दाखवून दिले, की हळदीतील कुर्कुमिन ट्यूब्युलिनला चिकटते व ही जुळणी रोखते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींची वाढही त्याने रोखली. काम चोख आहे. पण ते कुर्कुमिनवरचे आहे, फोडणीतल्या हळदीवरचे नाही. हळदीत कुर्कुमिन शेकडा तीनच्या आसपास असते आणि पोटात गेलेल्यापैकी फारच थोडे रक्तात उतरते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात कुर्कुमिनचा सविस्तर आढावा आला. तोवर माणसांवर १२०हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. पण काटेकोर तुलनेच्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरल्याचे आढावा घेणाऱ्यांना आढळले नाही.

तक्त्याजवळ सदाफुलीची एक कुंडी ठेवायला हवी होती. १९५०नंतरच्या दशकात कॅनडात नोबल व बीअर हे सदाफुलीत मधुमेहावरचे औषध शोधत होते. रक्तातली साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या! त्यातून १९५८ साली विनब्लास्टिन हाती आले. तेही ट्यूब्युलिनलाच चिकटते. त्याचे भावंड विनक्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना देतात. पण म्हणून कोणी पाने चघळत नाही. शेकडो किलो वाळक्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघते आणि ते मोजून, शिरेतूनच द्यावे लागते. इतके करूनही काही कर्करोगपेशी औषध बाहेर फेकणारे प्रथिनांचे 'पंप' वाढवून त्याला दाद देईनाशा होतात. लक्ष्य एकच असूनही एक पदार्थ औषध झाला, दुसरा अजून झालेला नाही. फरक पडला तो मात्रेने आणि चाचण्यांनी.

हळदीचा आपल्याला अभिमान आहे. जखमेवरील तिच्या उपयोगाचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते सी.एस.आय.आर.ने जुने लेखी पुरावे समोर ठेवले म्हणून. मग तक्त्यालाही पुराव्याची तीच कसोटी नको का? असा तक्ता वाचून घरातल्या कोणी उपचार सोडून हळदीवर भिस्त ठेवली, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल.

पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक दाव्याखाली मुलांना तीन उत्तरे लिहायला सांगावीत : प्रयोग कशावर केला? किती मात्रेत? माणसांवर तपासला का? तक्त्यावरची जागा थोडी कमी पडेल, पण विज्ञान उरेल.