थाळनेर येथील फारूकी थडगी

खानदेशच्या फारूकी सुलतानांचे दफनस्थान. थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे) हे तापीकाठचे गाव फीरोझशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा यास करवंदबरोबर जहागीर म्हणून दिले. मलिक राजा (मृ. १३९९), नासिरखान (मृ. १४३७), मीरान आदिलखान (मृ. १४४१) व मीरान मुबारकखान (मृ. १४५७) यांचे दफन येथेच झाले. पुढे राजघराण्याची थडगी बुऱ्हाणपुरास बांधली जाऊ लागली.

या वास्तू आकाराने लहान असून बहुतेक चौरस, काळ्या दगडाच्या व एकेका घुमटाच्या आहेत. चौरस दालनाच्या चार कोपऱ्यांवर कमानी टाकून अष्टकोन साधावयाचा व त्यावर घुमट बसवावयाचा, ही त्यांची सर्वसाधारण रचना होय. हा नमुना मांडूचा आहे, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. पाचोरे–चाळीसगावच्या दक्षिणेस अजिंठ्याची रांग खानदेशला दक्खनपासून तोडते. उत्तरेस तापी ओलांडून माळव्याकडे वाट जाते. माळव्याच्या घोरी घराण्याशी फारूकींची सोयरीक होती आणि बहमनींशी वैर होते. १४३७ मध्ये नासिरखानाचा बहमनी सेनेने रोहणखेडजवळ पराभव केला. गवंडीही सोयरिकीच्या वाटेनेच आले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

तथापि एवढ्यावरून थाळनेरला माळव्याची दुय्यम प्रत ठरविणे योग्य नव्हे. मांडू येथील होशंगशाहाचे थडगे (सु. १४४०) संगमरवरी आहे. त्याच्या भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत आणि घुमट बसका असल्याने एकंदर वास्तू जड वाटते. तिची शोभा बव्हंशी पांढऱ्या दगडाची आहे. थाळनेरच्या कारागिरांजवळ तो दगड नव्हता. काळ्या दगडाची कोरी भिंत उन्हात केवळ मुकी दिसते, तिला छाया द्यावी लागते. म्हणून येथे दारे-खिडक्यांची मांडणी अधिक विचारपूर्वक केली आहे, छज्ज्यावरील कठडा अलंकृत आहे आणि घुमटाखालील वर्तुळाकार बैठक उंचावून घुमट मोकळा केला आहे. पर्सी ब्राउन यांनी या सुधारणा नोंदविल्या. पण सर्वसाधारण ग्रंथांत खानदेशचा उल्लेख माळव्याच्या प्रकरणाला जोडलेली पुरवणी म्हणूनच येतो. उसने घेतलेल्या आराखड्यातील दोष ओळखून ते दुरुस्त करणे, हे अनुकरणाचे लक्षण मानता येणार नाही.

समूहातील अष्टकोनी थडगे याहून वेगळे आहे. त्याच्या बाह्यांगावर कोरीव कामाची रेलचेल आहे. आठ बाजूंमुळे प्रत्येक भिंत अरुंद होते, दर बाजूवर प्रकाश वेगळा पडतो व कोरीवकाम उठून दिसते. अलंकरण मात्र थोडे अधिकच झाले आहे, आणि चौरस थडग्यांतील संयम पाहून आलेल्यास ते खटकण्याचा संभव आहे. तरीही साऱ्या समूहात मांडूचे ऋण सर्वांत कमी दिसते ते येथेच.

बुऱ्हाणपूरची पुढील थडगी अधिक प्रसिद्ध आहेत. नासिरखानाने ते नगर वसविले व शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. या शेखांची कबर अजिंठ्याच्या रांगेपलीकडे खुलदाबादला आहे, हे लक्षणीय होय. श्रद्धेने दक्षिणेकडे पाहणाऱ्या या घराण्याने वास्तूचा नमुना उत्तरेकडून घेतला. अकबराने १६०१ मध्ये असीरगड जिंकून फारूकी सत्ता संपविली. त्यानंतरच्या मोगल काळात अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा शाहनवाझखान (मृ. १६१९) याचे थडगे व शाह शुजाची पत्नी बिल्किस बेगम हिचे खरबुजासारख्या पाकळ्यांचे, आतून रंगविलेले थडगे बुऱ्हाणपुरास बांधले गेले. ही दोन्ही नाजूक व नेटकी आहेत, पण त्यांत खानदेशी असे थोडेच उरले आहे.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आणि थाळनेर महाराष्ट्रात असल्याने एकाच घराण्याच्या या वास्तूंचा सलग अभ्यास क्वचितच होतो. त्याची झळ थाळनेरला अधिक बसली आहे. कारण आरंभीचे, चाचपडणारे व म्हणूनच बोलके प्रयोग तेथेच आहेत.